शिक्षा झाल्याचा दाखला

"हॅलो?… हो, मीच एलिनेद प्रॉसर. बोला… कुठून?… न्याय खात्यातून?"

एलिनेदनं हातातला चमचा खाली ठेवला. अठरा वर्षांपूर्वी ती वेल्समधल्या याच गावात टपालाच्या काउंटरवर बसायची. मुख्य कचेरीच्या कॉम्प्युटरनं तिच्या हिशेबात तूट दाखवली, कोर्टानं तिला चोर ठरवलं, आणि शिक्षा म्हणून तिनं सहा महिने चॅपलमागचं कबरस्तान झाडलं. आता तो कॉम्प्युटरच खोटा निघाला होता.

"हो, हो… शिक्षा रद्द होणार, ऐकलं बातम्यांत… पुरावा? कसला पुरावा, बाळ?… मला शिक्षा झाल्याचा?"

पलीकडची पोरगी गोड आवाजात समजावत होती. शिक्षा झालेल्यांच्या यादीत एलिनेदचं नावच नव्हतं. नोंद नाही म्हणजे गुन्हा नाही. आणि गुन्हाच नाही, तर रद्द काय करायचं?

"अगं, ऐक ना… कोर्टात विचार की… बंद पडलं? हो, खरंच, तिथं आता गालिच्यांचं दुकान आहे… कागद? जाळले मी. वर्तमानपत्रंसुद्धा… का म्हणजे? लाजेनं…"

मग साक्षीदारही चालेल, पोरगी म्हणाली. शिक्षा झाली असं शपथेवर सांगणारं कुणीतरी हवं.

"अख्खं गाव आलं होतं कोर्टात… नाही गं, आता कुणी कबूल होत नाही. जो तो म्हणतो, आम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं तू निर्दोष आहेस… पाद्रीबाबांना तर खटलाच आठवत नाही… थांब. एक जण आहे. फोन ठेवू नकोस हं."

शेजारची डिलिस अंगात कोट चढवून कुंपणापलीकडे कपडे वाळत घालत होती. अठरा वर्षांत ती एलिनेदशी एक शब्द बोलली नव्हती. एलिनेदनं कुंपणावरूनच तिला अडचण सांगितली. डिलिसनं उरलेले दोन मोजे वाळत घातले, मग एलिनेदच्या घरात येऊन फोन कानाला लावला.

"हॅलो… मी डिलिस पॅरी… हो, झाली शिक्षा. पहिल्याच बाकावर होते मी… तारीख? चौदा मार्च, मंगळवार… हो, शपथेवर… माझं मत? चोरच आहे ती. कॉम्प्युटर कशाला खोटं बोलेल?"

एलिनेदला तिचे हात धरावेसे वाटले. इतक्या वर्षांत तिच्यासाठी इतकं ठामपणे कुणी बोललं नव्हतं.

"बरं… बरं. सांगते तिला." डिलिसनं फोन ठेवला. "तुझ्या गुन्ह्याची नोंद झाली म्हणे. म्हणून तो रद्द झाला."

एलिनेद खुर्चीत बसली. मग तिनं विचारलं, "चहा टाकू?"

"चोराच्या घरचा?"

"सुटले की मी. आत्ताच."

डिलिसनं थोडा विचार केला, आणि कोट न काढताच ती बसली.