लाल खुणेची मेंढी

(वेल्समधलं एक डोंगरी गाव. चित्रकार इद्वालची खोली. शेजारचा मेंढपाळ बेरविन चिखलाच्या बुटांनिशी नव्या चित्रासमोर उभा.)

बेरविन : ते काही नाही. ती मेंढी पुस.

इद्वाल : मेंढी कुठली? रंगाच्या सुरीचा एक फटका आहे तो.

बेरविन : पाठीवर लाल खूण आहे तिच्या.

इद्वाल : अरे, तीस वर्षं हाच डोंगर रंगवतोय. राखाडीवर राखाडी. कार्डिफची गिऱ्हाइकं म्हणतात, तुमचं चित्र लावलं की दिवसा दिवा लावावा लागतो. म्हटलं, एक लाल ठिपका देऊन बघू.

बेरविन : लाल खूण माझ्या भावाची, गेथिनची. माझ्या मेंढ्यांची निळी. आणि तू ती हद्दीच्या भिंतीच्या अलीकडे आणलीस, माझ्या गवतावर.

इद्वाल : रंगाला तिथंच जागा होती.

बेरविन : रंगाला जागा! गवंड्यासारखा सुरीनं थापतोस नि वर हे. उद्या चॅपलमागच्या खोलीतल्या प्रदर्शनात लागणार ना हे? आपला गाव आधी मेंढीची खूण बघतो, मग डोंगर.

इद्वाल : बघू दे की. भावाच्या मेंढ्या माझ्या गवतावर येतात, म्हणून जन्मभर बोंबललास. आता तुझंच खरं ठरेल.

बेरविन : खरं ठरवून काय करू? भांडायला माणूस कुठाय?

इद्वाल : ...चहा टाकू?

बेरविन : नको. त्याच्या दफनाला आला होतास ना तू?

इद्वाल : तुझ्या शेजारीच उभा होतो.

बेरविन : हां. लक्ष नव्हतं माझं.

इद्वाल : बरं, पुसतो. रंग ओलाच आहे. सुरी दे इकडे.

बेरविन : थांब.

इद्वाल : आता काय?

बेरविन : त्याचा कळप बाजारात गेला. नव्या मालकानं खुणाही बदलल्या असतील. सकाळी वर जाऊन आलो. अख्ख्या डोंगरावर लाल काही दिसत नाही.

इद्वाल : मग?

बेरविन : मग राहू दे ती.

इद्वाल : भिंतीच्या अलीकडे?

बेरविन : असू दे. खाऊन खाऊन किती खाईल?

इद्वाल : गाव बोलेल.

बेरविन : बोलू दे. पण एकटी नको ठेवूस. कळप सोडून एकटी उभी असली, की आजारी वाटते मेंढी.

इद्वाल : अजून एक लाल काढू?

बेरविन : निळी काढ.

इद्वाल : इथं, तिला लागून?

बेरविन : नको, जरा लांब. लगेच बोलायच्या नाहीत त्या.