माईकवर काय म्हणायचं?

अजून आठवतंय बघा. माझी धाकटी बहीण भिक्खुणी झाल्यावर पयल्यांदाच जनवाड्याच्या विहारात आली. बारानंतर त्यांना जेवण चालत न्हाई, म्हणून आईनं सकाळीच भाकरी थापलेल्या. पण माईकवर तिला काय म्हणून पुकारायचं, यावरच आमची कमिटी अडली.

"आर्याजी म्हणा."

"न्हाई, माताजी."

"भंतेजीच म्हणा की, भिक्खूंना म्हणतो तसं. बाईला कमी कामून?"

आई सारखी म्हणायली, "आरं, आधी जेवू द्या तिला!"

अध्यक्ष म्हणले, "थांबा अक्का, मानाचा प्रश्न हाय. आधी पुकारू, मग ताट."

शेवटी ताट आलं, तर बहिणीनं हात आडवा धरला. बारा वाजून गेलते.

आईनं माईकच ओढून घेतला. "नाव ठरलं न्हाई ना अजून? मग मीच सांगते गावाला, उपाशी आली अन् उपाशीच चालली."