मोठ्यातला मोठा पंप

मोठ्यातला मोठा द्या, म्हणे — हे काय बादल्यांचं दुकान आहे, जावईबापू? कोणी सांगितलं हा पंप घ्यायला? व्हिडिओत पाहिला. वाटलंच मला. उचलली जीभ लावली टाळ्याला. अहो, हा इंजेक्शनवाल्या गाडीचा पंप, ह्याचा जोर बघा, आणि तुमच्या गाडीला आहे कार्बोरेटर. कार्बोरेटर म्हणजे काय ते तरी माहितीये ना? की लग्नाआधी नुसतंच बॉनेट उघडून उभे राहायचात, आमच्या पोरीवर छाप पाडायला? आत एक वाटी असते. वाटीत पेट्रोल, पेट्रोलवर फ्लोट तरंगतो, तो वर आला की एवढीशी सुई भोक बंद करते — संपलं. ती सुई बिचारी सोसून किती जोर सोसणार? तुमचा हा राक्षस लावलात की सुई बाजूला, पेट्रोल वाटीतून बाहेर, आणि खाली तापून लाल झालेला पाइप. मग काय होईल? आणि आत बसलेलं कोण असेल? तुम्ही? तुम्ही असाल बाहेर, हातात घड्याळ घेऊन. गाडी चालवते माझी मुलगी.

नाही, मला काय त्याचं. मी तेव्हाच सांगून टाकलंय तिला — शर्यतीत उतरायचं असेल तर या दुकानाची पायरी चढायची नाही. नाही चढली. बापाचीच पोरगी. तेव्हापासून तुम्ही येता — फिल्टर द्या, क्लचची वायर द्या, दात काढत उभे. तुमच्या सासूबाई जेवताना तुमच्या घरचा विषय काढतात, मी रेडिओ मोठा करतो. मला ऐकायचंच नसतं.

आता नीट ऐका, पुन्हा सांगणार नाही. कार्बोरेटरला जोर नको असतो, पेट्रोल भरपूर हवं असतं — कमी जोरात, पण भरपूर. हा घ्या, हा साधा दिसतो तोच. आणि आत्ताचा बसवलाय कुठे? वर, इंजिनापाशी असणार. हे पंप ढकलतात छान, ओढायचं म्हटलं की त्यांच्या जिवावर येतं, म्हणून मागे टाकीजवळ, खाली — काय? टाकीजवळच आहे? खालीच? कोणी बसवला? तिने. तरीच. तुमच्या हातून कुठलं व्हायला ते.

मग नळी बारीक असेल. काहीतरी आहेच, त्याशिवाय तो लांब सरळ पट्टा संपताना गाडी गचकणार नाही. डाव्या वळणाच्या आधी, टायरांचा ढीग आहे ना, बरोबर तिथे — आवाज पडतो, क्षणभर, मग पुन्हा उचलते. तेवढ्यात मागची गाडी पुढे जाते — काय बघताय असे? तुम्हीच नाही का सांगितलंत? नाही? मग दुसरं कोणी बोललं असेल, दुकानात छप्पन माणसं येतात. बरं बाबा, जातो मी शर्यत बघायला. रविवारी दुकान बंद असतं, माणसाने करायचं काय? कुंपणाशी उभा राहतो, त्या टायरांपाशी, कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. टोपी असते डोक्यावर, मला कोण ओळखतंय? तिला सांगायचं नाही हं, सांगून ठेवतो.

सरावाला नाही गचकत? तेवढ्याच वेगाला? तुम्हाला ऐकू आलं नसेल. मागच्या रविवारीही नाही? एकाही फेरीला नाही? असं कसं होईल — पेट्रोल कमी पडायचं तर प्रत्येक फेरीला पडेल, ते काय वार बघून पडतं? मागच्या रविवारी माझी कंबर धरली होती, आलो नाही, म्हणून तुमच्यावर विश्वास ठेवायचा. मग, कितवी आली? पहिली? मला कोणी बोललं नाही. सासूबाई बोलल्या असतील, रेडिओ चालू असेल.

थांबा जरा. ती काय म्हणते? पंप नको म्हणाली? गाडीला काही झालेलं नाही म्हणाली, आणि तरी तुम्ही आलात?

म्हणजे गाडी नाही गचकत. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलते ती. त्या टायरांपाशी आली की पाय उचलते. आणि मी, नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगणारा, इथे बसून तुम्हाला नळी बारीक म्हणून सांगतोय. रोग रेड्याला, औषध पखालीला.

गप्प बसा, काही बोलू नका. एवढ्या वेगात कुंपणाकडे बघते, मूर्ख मुलगी. पुढे वळण आहे आणि ही बघते कुंपणाकडे. काही झालं असतं म्हणजे?

ठेवा तो पंप खाली. विकायचा नाही मला. तिला सांगा, बाबा यापुढे येणार नाहीत — नको, तसं नका सांगू. सांगा, समोर बघून चालव. टायरांपाशी आता कोणी नसेल म्हणावं. मी शेवटच्या रेषेपलीकडे उभा राहीन, टोपी न घालता. बघायचंच असेल तर शर्यत संपल्यावर बघ म्हणावं, हवं तेवढं.

आणि निघा आता तुम्ही, दारात उभे राहू नका, गिऱ्हाईक अडतं. कोणी नाहीये, ते मलाही दिसतंय. निघा.