अमोनियाचा बोळा

—नाही मरत साहेब, पडून राहा. आणि हात सोडा माझा, नखं रुतताहेत. माहीत आहे, छाती आवळलीय, तोंडाभोवती मुंग्या, बोटं वाकडी झालीत — सोळा वर्षं या इमर्जन्सीत ट्रॉली ढकलतोय, त्यातली बारा तुमच्याच हाताखाली. तेव्हा कधी माझ्या तोंडाकडे बघितलं नाहीत, आता कसे टकामका बघताय! डॉक्टरबाई? येतील. अपघाताची केस आलीय, तिकडं अडकल्यात. जाताना मला सांगून गेल्या — काका, ईसीजीची पट्टी बघितली, हृदय ठणठणीत आहे, घाबरण्याचा झटका आहे, तसं सांगा त्यांना, शेजारी बसा, श्वास हळू सोडायला लावा. दहा मिनिटं झाली त्याला. सांगितलं का मी? नाही सांगितलं. का सांगू? तुम्ही सांगितलं होतं?

कुणाला म्हणजे? माझ्या बायकोला! त्या भिंतीकडच्या ट्रॉलीवर होती. अशीच धापा टाकत होती, अशीच बोटं वाकडी, मी मरते मी मरते म्हणत होती. तुम्ही आलात, नाडी धरली न धरली, आणि सगळ्यांदेखत म्हणालात — नाटक आहे, घरचं काम नको असेल. आणि बोळा मागवलात. अमोनियाचा. विसरलात? वरच्या खणात बाटली असायची, नाटकी बायांसाठी म्हणून तुम्हीच ठेवायला लावलेली. नाकाला लावला की माणूस गुदमरतं, डोळ्यांतून धारा लागतात, झक मारत उठून बसतं — की तुम्ही म्हणायचात, बघा, झाली बरी!

हा बघा, भिजवूनच आणलाय. येतोय वास? अजून लांब आहे, लगेच कशाला डोकं हलवता — ती पण हलवत होती, म्हणून तर धरावं लागलं. कुणी म्हणजे? धरलं कुणीतरी. तुम्ही म्हणालात ‘धर रे’, आणि ड्यूटीवर मीच होतो ना! नोकर माणूस, साहेब म्हणाले धर, की धरायचं. दोन्ही कानांपाशी, असं, वासरू धरतात तसं. बोळ्याकडे बघतच नव्हती ती. माझ्याकडे बघत होती.

मग काय, त्यानंतर तिची कधी तक्रार नाही. बायको बरी झाली म्हणून गावभर सांगत सुटलो मी, अक्कलशून्य माणूस! एक दिवस गोठ्यात गेलो, तर ही गव्हाणीमागं, तोंडात फडकं कोंबून, अंग थडथड उडतंय. मला बघितलं आणि भिंतीला जाऊन चिकटली. म्हणाली, धरू नका हो, मी गप्प बसते. — वर्ष झालं, माहेरी आहे. माझा फोन उचलत नाही.

श्वास सोडा. हळू, गरम चहा फुंकतो तसा. घ्या नाकानं. सोडा. अजून एकदा. सुटताहेत ना बोटं? एवढंच होतं ओ हे! शेजारी बसायचं आणि एवढंच करायचं, त्याला काय पैसे पडत होते?

आता तुमचा फोन काढा. टेकवा अंगठा. अनोळखी नंबर उचलते ती. तिला सांगायचं — मी तो डॉक्टर, आज मलाही तेच झालं, तुझं नाटक नव्हतं, चुकलो मी. एवढं बोललात की हा बोळा मोरीत टाकतो. नाही म्हणता? साहेब, तुमचं डोकं धरायला मला एक हात पुरे आहे, सवय आहे माझी. — हां, असं. वाजतोय. वाजतोय — उचलला! बोला. अहो बोला की, इतकी वर्षं खेकसत होतात, आत्ताच दातखीळ बसली? मी डॉक्टर, म्हणा — अगं ऐक, ठेवू नको, हे साहेब आहेत, यांना तुला काही—

ठेवला.

माझा आवाज ऐकला, आणि ठेवला.

...तुम्ही काय बघताय? पट्टी चांगली आलीय तुमची. उतरा. ट्रॉली लागतेय.