नशा कोणत्या रकान्यात टाकू?

हॅलो?… हो, बोल गौरी… मीच, निकिता… आवाज तुटून राह्यला असन, मी दवाखान्याच्या व्हरांड्यात उभी आहे… दारव्ह्याले… अवं, मले काही नाही झालं! मुलाखतीसाठी आली. कपिल नावाचा माणूस, आज सकाळची वेळ ठरलती. घरी गेली तं म्हणे पहाटेच भरती केलं. मंग आली इकडे.

तू बोल. कायचे फॉर्म?… परत?

हे पाह्य, आधी माह्यं ऐक… नाही, तू ऐक. तू नागपूरले कूलरसमोर बसून रकाने बनवते. मी इकडे गावोगाव फिरून लोकांले विचारते, दादा, नशा चढली की आतून कसं वाटते तुम्हाले… माहीत आहे सर्व्हे आहे. पण लोकं टिक लावता येईन असं बोलतच नाहीत, त्याले मी काय करू?

कोणता?… त्रेपन्न नंबर. हो, वामनराव. बरोबरच तं लिहिलं! ‘पाय माहेच होते, पण जमीन दुसऱ्याची होती.’ मोहाची पिऊन असं वाटलं त्याले… अवं ‘तोल जाणे’ नाही! तोल गेलाच नाही त्याचा. दोन किलोमीटर सरळ चालत घरी गेला. फक्त रस्ता परका वाटला… हसू नको… कर मंग ‘इतर’. सगळं ‘इतर’मध्येच जाऊन राह्यलं तं बाकीचे रकाने कायले बनवले?

अन् इंदूबाईचं काहून बदललं?… तुले कोणी सांगतलं बदलवायले?… तंबाखू उत्तेजक आहे हे पुस्तकात असन. थे बाई म्हणते, ‘चिमूटभर लावली की मन एका जागी बसते.’ मन बसलं म्हणजे शामक झालं ना? आपण अनुभव विचारून राह्यलो की पुस्तक तपासून राह्यलो?… नाही, मी चिडली नाही… बरं, चिडली. काय करतं आता?

काय केलं?… तीन फॉर्म एका रकान्यात? ‘देशी दारू, तीव्र’? कोणते तीन?… एकसष्ट, चौसष्ट, सदुसष्ट…

थांब. वाच बरं मी लिहिलं थे. तुह्या भाषेत नको, जसंच्या तसं वाच… हं… ‘तोंड कापसावानी कोरडं पडलं’… हं… ‘मोबाइलवरचे आकडे दिसेनात’… पुढे… ‘हवेतून धागे वेचत होतो, हाती येत नव्हते.’ हो, हा चौसष्ट, फकिरा. अन् सदुसष्ट?… ‘मेलेली बहीण बाजेवर येऊन बसली. दोघं बोललो. थे मेली आहे हे आठवलंच नाही.’

गौरी… ही दारू नाही.

कायच्यावरून म्हणजे? सहा महिने झाले हेच ऐकून राह्यली मी. दारू पेलेला मेलेल्या माणसाले आठवून रडते. त्याच्या बाजूले बसून गप्पा मारत नाही… ऐक ना… हो, दारू एकदम सोडली की भास होते, मान्य आहे. पण तवा माणूस घामानं ओलाचिंब होते, हात कापते. हे तिघंही कोरडे. तोंड कोरडं, अंग कोरडं. तिघंही एकाच आठवड्यातले… तू रकाना पाह्यला, मी अक्षर लिहिलं, दोघींच्याही डोक्यात आलं नाही!

अन् गौरी… आत्ता मी खिडकीतून कपिलले पाह्यलं. हवेत हात मारून राह्यला होता. मले वाटलं माशा हाकलून राह्यला. त्याच्या भावानं ‘दारू पिऊन पडला’ असं सांगतलं म्हणे भरती करताना… त्याची बायको इथंच बसली आहे, तिले विचारते. होल्ड कर. ठेवू नको हं.

सलोनीवहिनी, इकडे या जरा… घाबरू नका. कपिलभाऊ काल पेले होते काय?… आठ दिवसांपासून नाही? मंग भाऊजी तं… बरं, त्याईले वाटलं तसं. वहिनी, जेवणात काही देलं होतं काय त्याईले? औषध-बिषध?… रडू नका. मले फक्त डॉक्टरले सांगायचं आहे… कशात?… डाळीत… कवापासून?… बाजाराच्या दिवशी घेतली. काय म्हणाला थो इकणारा?… ‘नवऱ्याले न सांगता द्या, दारू आपोआप सुटते’… अन् काल एकाच्या जागी दोन पुड्या टाकल्या… लवकर सुटावी म्हणून. बरं. बरं. राह्यलेली पुडी आहे जवळ? द्या… द्या ना वहिनी!

गौरी, ऐकलं?… बारीक कुटलं आहे, पण एक-दोन बिया आख्ख्याच राह्यल्या. धोतरा आहे हा. आमच्या शेताच्या धुऱ्यावर उगवते, मी काय ओळखत नाही?… सिस्टर! ओ सिस्टर, डॉक्टर कोठी आहेत? आठ नंबरचा पेशंट, त्याले दारू नाही चढली… मी कोणीच नाही त्याची, पण हे पाहा तं आधी…

……

हॅलो?… हो, कटला होता. हातात पुडी, बॅग, फोन, काय काय धरू?… पाह्यलं डॉक्टरनं. लगेच आले. डोळ्यात टॉर्च मारला, बाहुल्या एवढ्या मोठ्या, उजेड पडला तरी बारीक होईनात. अंग तापलेलं अन् घामाचा थेंब नाही. पुडी ठेवून घेतली त्याईनं. यवतमाळले हलवून राह्यले, गाडी आली आहे… हो, डॉक्टर म्हणे वेळेवर समजलं. बरा होईन म्हणे, एक-दोन दिवस अशीच बडबड करन.

वहिनी? भिंतीले टेकून बसली. मले विचारते, ‘मीच मारून टाकलं असतं काय?’ काय सांगू मी तिले? पाणी देलं… गाडीत बसवतो म्हणाले तिलेही.

काय?… कोणता कोड? गौरी, तुले आत्ता कोड पाह्यजे? उघड बापा, नवा रकाना उघड, दोन उघड! पण आधी त्या तीन फॉर्मचे संमतीपत्र काढ. फोन नंबर तुह्याकडे आहेत… गोपनीय?… अवं, कोणापासून गोपनीय? मीच तं घेतले त्याईच्या घरी बसून!… नियम मले माहीत आहे. त्या तिघांच्या घरीही हीच पुडी असन, समजत काहून नाही तुले? एकदा टाकून थांबत नाही कोणी, दारू सुटेपर्यंत टाकत राह्यते… सरांले विचारशील? सर मीटिंगमध्ये असतीन. तवापर्यंत जेवणं होऊन जातीन. किती वाजले?… साडेअकरा. बारा वाजले की लोकं ताटावर बसते इकडे… माह्यं नाव सांग सरांले. लेखी देते मी… गौरी. तिघं आहेत.

… हं… हो, लिहून घेते. हातावरच लिहिते, सांग… शेवटचे दोन पुन्हा… चाळीस, बरोबर.

आता ऐक. फकिराच्या घरी मी लावते, त्याची बायको, मानीबाई, मले ओळखते. बाकी दोघांच्या घरी तू लाव… तूच, दुसरं कोण? घरच्या बाईलेच माग. नवऱ्याच्या हाती फोन गेला तं नुसतं नंतर करतो म्हण… काय सांगशील म्हणजे? पुडी टाकू नका. टाकली असन तं थे वरण खड्ड्यात ओता, जनावरालेही घालू नका. अन् रागावू नको तिच्यावर. फॉर्म भरल्यासारखं तं अजिबात बोलू नको… नाही, तुह्यावरही नाही रागावली. ठेव आता… नंतर सांग थे… ठेव ना गौरी!

……

हॅलो? मानीबाई?… मी निकिता, थे नशेचं विचारायले आलती… हो, थेच, लय प्रश्न विचारणारी. मानीबाई, ऐका. वरणात पुडी टाकली काय आज?… मले माहीत आहे, बाजारातली. टाकली… फकिराभाऊ कोठी आहेत?… जेवून राह्यले? खाल्लं वरण?… भाजीच खाल्ली अजून. मंग वाटी उचला… समोरून उचला, मानीबाई. मंग सांगते काहून थे. मी लाइनवरच आहे… उचलली?

… ओरडू द्या त्याईले. भाकर अन् तिखट वाढा आज.