डुकराच्या पेशी, अकरा महिने

गळकी छत्री. डब्यात उरलेला भाताचा गोळा. जपानमधल्या त्सुकुबा शहराची नेहमी उशिरा येणारी बस. रांगेत पुढे प्रयोगशाळेतल्या दोघी होत्या. ती छत्री धरून मागे उभ्या शिमादाबाईंना सगळं ऐकू येत होतं.

"ताई, तपासणीचा निकाल आला."

"अकरा महिने रविवारसुद्धा न चुकवता पोसल्यास त्या पेशी. डुकराच्या कॅन्सरच्याच ना?"

"माणसाच्या निघाल्या. शेजारच्या बाटलीतल्या माझ्या बाटलीत शिरल्या आणि माझ्या मेल्या."

"म्हणजे बाटलीतही माणसानं डुकराला खाल्लंच!"

"हसू नका हो."

"हसत नाहीये गं, चिहारु. डुकराच्या मूळ गाठीतल्या पेशी गोठवून ठेवल्यायस ना?"

"एकच कुपी उरलीय."

"मग उद्या तीच वाढायला लाव."

"माझ्या नोकरीची मुदत मार्चमध्ये संपतेय, ताई. पेशी काय कॅलेंडर बघून रुजतात?"

"बस आली. चढ."

त्या कुपीतल्या पेशी मे महिन्यात वाढीला लागल्या.