बॉनेटची तार

इलेक्ट्रॉनिक सिटीच्या बसमध्ये पुढच्या सीटवरून मराठी ऐकू आली, तशी ऋचाने कानातलं गाणं बंद केलं. एक बाई आपल्या थोरल्या भावाशी बोलत होती.

“कालच्या आयुधपूजेला आमचा ट्रक असा धुतला, अण्णा, की हेसुद्धा बघत राहिले.”

“अहल्या, बॉनेटला पुढून तार बांधलेली होती. ती आहे ना?”

“ती गंजकी? पूजेच्या गाडीला बरी दिसेना. सोडली आणि तिथंच झेंडूचा हार बांधला.”

“अगं, बॉनेट उघडायची आतली केबल तुटली होती. नवी मिळेपर्यंत मी बॉनेट अडकवणारा खटकाच काढून ठेवलाय. बॉनेट त्या तारेवरच होतं.”

“पण बंद तर नीट बसलं होतं.”

“उभ्या गाडीचं बसतं. वेगात खालून वारा शिरला, की उचलून काचेवर येईल. समोरचा रस्ताच दिसायचा नाही. श्रीहरी ट्रक घेऊन कुठं आहे आत्ता?”

“हे इथंच, याच फ्लायओव्हरवर पुढं. आपल्या स्वल्प, पाचेक मिनिटं आधी निघाले.”

“फोन लाव. बाजूला घे म्हणावं.”

“वाजतोय नुसता.”

“परत लाव.”

“बस का थांबली, अण्णा?”

“ट्रॅफिक असेल पुढं. तू फोन लाव.”

“ते उचलणार नाहीत.”

“का?”

“चालवताना फोनला हात लावणार नाही, अशी शपथ घातलीय मी. काल पूजेत, त्या हारावर हात ठेवायला लावून.”